बेडकांवरील कवकरोग : एक दुर्लक्षित साथ

ग्रामपंचायतीच्या सभेपुढे बेडकांचा विषय कधी आला असेल, असे वाटत नाही. पाऊस लांबला म्हणजे विदर्भातील काही गावांत मुले कडुलिंबाच्या डहाळ्यांत बेडूक बांधून धोंडी मागत दारोदार फिरतात, तेवढाच काय तो या प्राण्याचा सार्वजनिक जीवनाशी संबंध. एरवी बोलण्यात तो येतो तो कूपमंडूक म्हणून, म्हणजे निंदेपुरताच. भातखाचरात राबणारा शेतकरी मात्र त्याला ओळखून असतो. पिकावरील कीड आणि डबक्यातील डास यांचा फडशा पाडणारा, मजुरी न मागणारा असा हा गडी आहे, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

या मुक्या सोबत्यावर गेल्या अर्धशतकात एका सूक्ष्म कवकाने जो घाला घातला आहे, त्याच्या तोडीचा संहार कोणत्याही एका रोगाने वन्य प्राण्यांच्या कोणत्याही वर्गात घडवून आणल्याची नोंद नाही. २०१९ साली अनेक देशांच्या संशोधकांनी मिळून या हानीचा हिशेब मांडला. त्यानुसार या रोगामुळे उभयचरांच्या किमान ५०१ जातींची संख्या घटली, त्यांपैकी १२४ जातींची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक खालावली, आणि ९० जाती नामशेष झाल्या असे मानावे लागते. हा संहार मुख्यतः मध्य व दक्षिण अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात झाला. आपल्याकडे तसे काही घडलेले नाही. परंतु हे कवक सह्याद्रीत आहे, हे आता प्रयोगशाळेत सिद्ध झालेले आहे. म्हणूनच ज्यांच्या हाती गावाचे पाणवठे, गावाची शाळा आणि गावाची दप्तरे आहेत, त्यांना या रोगाची माहिती असणे इष्ट आहे.

न उलगडणारे कोडे

मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका या देशात माँतेव्हेर्दे नावाचे डोंगराळ, सदैव धुक्याने वेढलेले अरण्य आहे. तेथे सोनेरी भेक नावाची एक जात राहत असे. तिचा नर झळझळीत नारिंगी रंगाचा. वर्षातील बहुतेक दिवस जमिनीखाली काढून पावसाच्या आरंभी थोडे दिवस हे भेक डबक्यांभोवती जमत. १९८७ साली तेथे दीड हजाराहून अधिक भेक मोजले गेले. १९८८ साली त्याच मुख्य ठिकाणी एकच नर दिसला. १९८९ च्या मे महिन्यात पुन्हा एकच. त्यानंतर आजतागायत कोणालाही तो दिसलेला नाही, आणि २००४ साली ही जात नामशेष म्हणून जाहीर झाली. या एका जातीच्या नाशात अवर्षणाचा वाटा किती व रोगाचा किती, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण लोकांना धक्का बसला तो वेगळ्याच कारणाने. ते अरण्य संरक्षित होते. तेथे कुऱ्हाड चालत नव्हती, नांगर फिरत नव्हता, कीटकनाशके फवारली जात नव्हती.

तिकडे ऑस्ट्रेलियातही असेच घडत होते. आपली अंडी गिळून पोटात पिल्ले वाढविणारा आणि ती तोंडावाटे बाहेर सोडणारा एक अद्भुत बेडूक क्वीन्सलँडमध्ये होता. १९८१ नंतर तो निसर्गात आढळला नाही. त्याची भाऊबंद असलेली दुसरी जात १९८४ साली शास्त्रज्ञांच्या नजरेस आली आणि १९८५ नंतर तीही दिसेनाशी झाली. जठरातील आम्लाचा स्राव तात्पुरता थांबविण्याची जी किमया या बेडकांना साधली होती, तिचा अभ्यास पुरता सुरू होण्यापूर्वीच हा ग्रंथ मिटला गेला.

१९८९ साली इंग्लंडमधील कँटरबरी येथे उभयचर व सरीसृप यांच्या अभ्यासकांची पहिली जागतिक परिषद भरली. तेथे निरनिराळ्या देशांतून आलेले अभ्यासक एकमेकांना आपापल्या ओढ्यांची हकीकत सांगू लागले, तेव्हा ही घट कोणा एका देशापुरती नाही, हे ध्यानात आले. आम्लयुक्त पाऊस, ओझोनचा विरळ झालेला थर, शेतीतील विषारी औषधे अशी अनेक कारणे पुढे आली. त्यांतील प्रत्येकात थोडे तथ्य होते, पण दाट अरण्यातील बेडूक काही महिन्यांत कसे संपावेत, याचे उत्तर एकातूनही मिळेना.

उत्तर मिळाले ते १९९८ साली. ऑस्ट्रेलियातील आणि पनामातील मृत बेडकांच्या त्वचेत एकच सूक्ष्म जीव आढळला. पुढच्या वर्षी, वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका निळ्या विषारी बेडकापासून मिळालेल्या कवकाचे वर्णन जॉइस लाँगकोर व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले आणि त्याला ‘बॅट्राकोकायट्रियम डेंड्रोबॅटिडिस’ हे नाव मिळाले. नाव उच्चारण्यास अवघड असले तरी त्याचा अर्थ सोपा आहे. ग्रीक भाषेत ‘बॅट्राकोस’ म्हणजे बेडूक आणि ‘कायट्रा’ म्हणजे मातीचे मडके. सूक्ष्मदर्शकाखाली हे कवक इवल्याशा मडक्यासारखे दिसते, म्हणून या लेखात त्याला आपण घटकवक म्हणू. या कुलातील बहुतेक कवके पाण्यात व ओल्या मातीत राहून कुजलेला पाला आणि परागकण यांवर गुजराण करणारी, निरुपद्रवी अशी आहेत. त्यांपैकी एखादे कवक पाठीचा कणा असलेल्या प्राण्याच्या जिवावर उठेल, ही गोष्ट तोवर कोणाला ठाऊक नव्हती.

रोग कसा मारतो

आपल्याला बुरशीचा त्वचारोग म्हणजे गजकर्ण ठाऊक असते. त्रास होतो, मलम लावले की जाते, त्याने कोणी मरत नाही. मग त्वचेवरच्या कवकाने बेडूक का मरावा? याचे उत्तर बेडकाच्या कातडीत आहे. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, ते त्वचेतून शोषून घेतो. श्वासही काही अंशी तो त्वचेतूनच घेतो. रक्तातील सोडियम व पोटॅशियम या क्षारांचा समतोल राखण्याचे काम, जे आपल्याकडे मुख्यतः मूत्रपिंडे करतात, त्यातील मोठा भाग बेडकाची त्वचा करीत असते. तेव्हा आपल्या दृष्टीने जे केवळ वेष्टण, ते बेडकाच्या दृष्टीने फुप्फुस आणि मूत्रपिंड यांच्या बरोबरीचे इंद्रिय होय.

घटकवकाचे बीजाणू एका शेपटीवजा धाग्याच्या साहाय्याने पाण्यात पोहतात. बेडकाच्या त्वचेवर पोहोचले की धागा गळून पडतो आणि बीजाणू त्वचेच्या बाह्य थरांत शिरून वाढू लागतो. चार-पाच दिवसांत त्याचे मडके तयार होते. मडक्याला बारीक तोटी असते, तिच्या वाटे नवे बीजाणू पाण्यात सुटतात, आणि त्यांतील कित्येक त्याच बेडकाच्या अंगावर पुन्हा रुजतात. त्वचा जाड होते, सोलवटू लागते, बेडूक सुस्तावतो, पाय पसरून उघड्यावर बसून राहतो. २००९ साली ऑस्ट्रेलियात झालेल्या प्रयोगांत मृत्यूचे नेमके कारण स्पष्ट झाले. रोगट त्वचेतून क्षारांचे शोषण मंदावते, रक्तातील सोडियम व पोटॅशियम यांचे प्रमाण घसरत जाते आणि अखेर हृदय बंद पडते.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. हे कवक त्वचेतील केराटिन या शृंगी द्रव्याने बनलेल्या थरात वाढते. भैकेराच्या, म्हणजे बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लाच्या, अंगात केराटिन असते ते केवळ तोंडाच्या दातऱ्यांत. म्हणून भैकेराला लागण झाली तरी ते सहसा मरत नाही. ते रोग बाळगून वाढते, त्याला पाय फुटतात, सर्वांगावर केराटिनचा थर चढतो आणि रोगालाही सर्वांग मोकळे होते. नुकतेच पाण्याबाहेर आलेले इवले बेडूक अशा वेळी भराभर मरतात. सारांश, डबके भैकेरांनी भरलेले दिसले म्हणजे सर्व काही क्षेम आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही.

या कवकाला गारवा मानवतो. साधारणतः १७ ते २५ अंश सेल्सिअस तापमानात ते उत्तम वाढते, २८ अंशांच्या पुढे त्याची वाढ खुंटते, आणि तापमान ३० अंशांच्या वर बराच काळ राहिले तर ते मरते. थंड, ओलसर डोंगरमाथ्यांवरील बेडकांचे हाल सर्वाधिक का झाले, याचा उलगडा यावरून होतो. पावसाळ्यातील आंबोली किंवा महाबळेश्वर येथील हवा कवकाच्या याच आवडीच्या मर्यादेत असते, हेही येथेच नमूद केलेले बरे.

साथीची वाटचाल

बीजाणू स्वतःच्या बळावर पोहून जातो तो फार तर काही सेंटीमीटर. समुद्र ओलांडण्याचे काम त्याच्यासाठी माणसानेच केले. १९३० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतील नखवाल्या बेडकाचा एक विलक्षण उपयोग सापडला. स्त्रीच्या लघवीचा अंश या बेडकाच्या मादीला टोचला आणि ती स्त्री गर्भवती असली, तर मादी दिवसभरात अंडी घालते. सुलभ गर्भचाचणी म्हणून हे बेडूक हजारोंनी जगभरच्या रुग्णालयांत व प्रयोगशाळांत गेले. पुढे रासायनिक चाचण्या आल्या आणि पुष्कळ ठिकाणी ते मोकळे सोडले गेले किंवा निसटले. स्वतः न मरता रोग बाळगण्याची या बेडकाची क्षमता आहे. १९३८ साली जतन केलेल्या अशा एका बेडकाच्या नमुन्यात हे कवक आढळल्यामुळे रोगाचे माहेर आफ्रिकाच, असे काही वर्षे मानले जात होते. २०१८ साली जगाच्या निरनिराळ्या भागांतील कवकाच्या जनुकांची तुलना झाली, तेव्हा मूळ स्थान पूर्व आशियात, बहुधा कोरियाच्या परिसरात असावे आणि जगभर प्रसार विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरू झाला असावा, असे दिसून आले. मांसासाठी देशोदेशी पाळला गेलेला अमेरिकन बुलफ्रॉग आणि हौशी लोकांसाठी चालणारा शोभिवंत प्राण्यांचा व्यापार यांनी पुढील काम पार पाडले.

साथ एखाद्या प्रदेशात कशी शिरते, हे प्रत्यक्ष पाहण्याचा दुर्दैवी योग पनामात आला. कॅरेन लिप्स व त्यांचे सहकारी तेथील एल कोपे या ठिकाणच्या ओढ्यांवर कित्येक वर्षे रात्री हिंडून बेडूक मोजत होते. रोग पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत आहे, हे त्यांनी ताडले होते. २००४ साली तो एल कोपेला पोहोचला. काही महिन्यांतच ओढ्याकाठी मृत बेडकांचा खच पडला आणि जेथे रात्री आवाजाने कान किटत, तेथे शांतता पसरली.

परिणाम बेडकांपुरते थांबले नाहीत. भैकेर खरवडून खात असत ते शेवाळ ओढ्यांतील दगडांवर साचू लागले. त्याच जागी सर्पांचीही गणती चालू होती. बेडकांमागोमाग सर्पांच्या जातीही कमी झाल्या, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. २०२२ साली याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आली. कोस्टा रिका व पनामा येथे ज्या ज्या भागांतून ही साथ गेली, तेथे पुढील काही वर्षे हिवतापाच्या रुग्णांची संख्या वाढलेली होती. बेडूक गेले, डास वाढले, हिवताप वाढला, ही साखळी आरोग्य खात्यातील मंडळींनी मुद्दाम ध्यानात ठेवावी अशी आहे.

पनामाचा सोनेरी बेडूक हे त्या देशाचे मानचिन्ह. साथ दाराशी आल्यावर त्याच्यासकट अनेक जातींचे बेडूक २००६ साली घाईघाईने अरण्यातून उचलण्यात आले. त्यांच्यासाठीची इमारत अद्याप पुरी झाली नव्हती, म्हणून एल व्हाये या गावातील एका हॉटेलच्या खोल्यांतून त्यांची सोय करण्यात आली. रोज खोली झाडणे, पाणी बदलणे, खाण्यासाठी किडे पुरविणे अशी पाहुण्यांना लाजवील अशी त्यांची सरबराई झाली. आज सोनेरी बेडूक शिल्लक आहेत ते बंदिवासातील प्रजननामुळे. अरण्यात ते अनेक वर्षांत दिसलेले नाहीत.

उपाय आहेत काय?

बंदिवासातील बेडकावर उपचार करणे कठीण नाही. कवकनाशक औषधाच्या पातळ द्रावणात काही दिवस रोज थोडा वेळ ठेवले की बहुतेक बेडूक बरे होतात. अवघड आहे ते अरण्यातील ओढा रोगमुक्त करणे, कारण बरा झालेला बेडूक त्याच पाण्यात परतला की पुन्हा आजारी पडतो.

याला आजवर जो एक ठळक अपवाद घडला, तो स्पेनच्या मायोर्का बेटावर. तेथे एक लहानसा भेक आहे. मादीने घातलेल्या अंड्यांची माळ नर आपल्या मागच्या पायांना गुंडाळून पिल्ले निघेपर्यंत वागवतो, म्हणून त्याला सुईण-भेक म्हणता येईल. ही जात प्रथम केवळ जीवाश्मांवरून ठाऊक होती. पुढे ती बेटावरील दऱ्यांत जिवंत सापडली, आणि तिची संख्या वाढविण्यासाठी बंदिवासात प्रजनन करून पिल्ले डोंगरांतील डोहांत सोडण्यात येऊ लागली. या सत्कार्यातच घात झाला. प्रजननकेंद्रात आफ्रिकेतील बेडूकही ठेवलेले होते. त्यांच्याकडून रोग या भेकांना लागला आणि रोगमुक्त बेटावर तो संवर्धकांच्याच हातून पोहोचला. कोणाचा हेतू वाईट नव्हता. त्या काळी हा रोग कोणाला ठाऊकही नव्हता.

स्पॅनिश व ब्रिटिश शास्त्रज्ञांनी पुढे हे पाप धुऊन काढण्याचे ठरविले. लागण झालेल्या डोहांतील सारी भैकेरे पकडून प्रयोगशाळेत नेली, औषधाच्या पाण्यात ठेवून बरी केली आणि पुन्हा सोडली. पुढच्या वर्षी तपासणी केली तो रोग परत आलेला. मग दुसऱ्या प्रयत्नात भैकेरे बाहेर काढल्यावर रिकामे डोह व भोवतालचे खडकही जंतुनाशकाने धुऊन घेतले. या वेळी यश आले. २०१५ साली हे वृत्त प्रसिद्ध झाले, तेव्हा निसर्गातून या रोगाचे उच्चाटन झाल्याचे ते पहिलेच उदाहरण ठरले. अर्थात चार-दोन खडकाळ डोह असलेल्या कोरड्या बेटावर जे जमले, ते सह्याद्रीसारख्या पाझरत्या डोंगरात जमण्याजोगे नाही. जंतुनाशक ओढ्यात ओतले तर बेडकांआधी इतर जीवसृष्टीच मरायची. तेव्हा या उदाहरणाचे आंधळे अनुकरण कोणी करू नये.

याहून साधा उपाय सिडनीच्या मॅक्वॉरी विद्यापीठातील संशोधकांनी शोधला. कवकाला उष्णता सोसत नाही, हे वर आलेच आहे. त्यांनी काळ्या रंगाने रंगविलेल्या, भोके असलेल्या विटा रचून त्यांवर लहानसे पारदर्शक छप्पर घातले. उन्हाने आतील विटा तापत आणि हिरव्या-सोनेरी जातीचे आजारी बेडूक आपण होऊन त्या भोकांत जाऊन बसत. त्यांचे अंग तापले, रोग गेला, आणि असे बरे झालेले बेडूक पुन्हा लागण झाली तरी पुष्कळ अंशी तगून राहिले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाला लागणारे साहित्य कोणत्याही गावाच्या बाजारात मिळेल.

कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेव्हाडा पर्वतातून आलेली बातमीही उमेद देणारी आहे. तेथील उंच सरोवरांत मुळात मासे नव्हते. गळ टाकून मासे पकडणाऱ्यांच्या करमणुकीसाठी ट्राउट मासे आणून सोडले गेले आणि त्यांनी भैकेरे फस्त केली. त्यावर रोग आला. मासे सोडणे थांबविल्यावर आणि काही सरोवरांतून ते काढून घेतल्यावर, रोगातून तगलेल्या बेडकांची संख्या हळूहळू वाढली. त्या टिकाऊ बेडकांना इतर सरोवरांत नेऊन वसविण्याचा प्रयोगही सफल झाला आहे. रोग तेथे आजही आहे. केवळ बेडकावरचे इतर ओझे उतरले.

सह्याद्रीतील स्थिती

पश्चिम घाटातील बेडकांच्या बहुसंख्य जाती प्रदेशनिष्ठ आहेत, म्हणजे जगात अन्यत्र कोठेही त्या आढळत नाहीत. आंबोलीचा भेक २००९ साली शास्त्राला ज्ञात झाला आणि तो त्या लहानशा पठारी परिसरापुरता मर्यादित आहे. उभयचरांत केवळ बेडूकच मोडतात असेही नाही. गांडुळासारखा दिसणारा देवगांडूळ हाही उभयचरच होय, आणि सापाचे पिल्लू समजून तो ठेचला जातो.

पश्चिम घाटात केरळमधील बेडकांत हे कवक प्रथम आढळले. २०१३ साली उत्तर सह्याद्रीतील तीन प्रदेशनिष्ठ जातींमध्ये ते असल्याचे पुणे येथील संशोधकांचा सहभाग असलेल्या गटाने सिद्ध केले. लीथचा उडी-बेडूक व मुंबई झुडूप-बेडूक यांच्यावर बाह्य लक्षणे नव्हती. परंतु तिसऱ्या जातीच्या, म्हणजे निशाचर ओढा-बेडकाच्या त्वचेवर व्रण, काळवंडलेपणा आणि सालपटे आढळली. या तिसऱ्या जातीचे शास्त्रीय नाव हुमायून अब्दुलअली यांच्यावरून पडलेले आहे. मुंबई प्रांताचा १९५१ चा वन्य प्राणी व पक्षी संरक्षण कायदा घडविण्यात ज्यांचा हात होता, तेच हे गृहस्थ. बेडकांच्या तंगड्यांच्या निर्यातीविरुद्धही त्यांनी लेखणी झिजविली. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी भारतातून वर्षाला हजारो टन तंगड्या परदेशी जात होत्या. परकीय चलन मिळत होते हे खरे, पण शेतातील कीड खाणारा प्राणी विकून कीटकनाशके विकत घ्यावयाची, असा तो व्यवहार होता. केंद्र शासनाने १९८७ साली ही निर्यात बंद केली. चोरटी पकड मात्र थांबलेली नाही. गोव्यात आणि कोकणाच्या काही भागांत पहिल्या पावसात दिवट्या घेऊन बेडूक पकडणारे आजही सापडतात.

भारतात आढळलेले कवक आशियातील स्थानिक वंशाशी निगडित आहे. हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी देशाच्या निरनिराळ्या भागांतील बेडूक तपासले, तेव्हा कवकाची विविधता पुष्कळ, परंतु लागणीचे प्रमाण अल्प, असे चित्र दिसले. बेडूक आणि कवक दीर्घकाळ एकत्र नांदत आल्याची ही खूण समजली जाते. अमेरिकेत घडले तसे सामूहिक मृत्यू आशियात आढळलेले नाहीत.

मग काळजी कशाची? काळजी दोन गोष्टींची आहे. अमेरिका व ऑस्ट्रेलियात ज्याने संहार केला तो याच कवकाचा एक विशेष मारक वंश आहे. दोन वंश एका ठिकाणी आले तर त्यांचा संकर होतो, हे अन्य देशांत दिसून आले आहे. परदेशी शोभिवंत बेडूक व सॅलॅमँडर यांच्या व्यापारातून असा वंश येथे येणे अशक्य नाही. सॅलॅमँडरच्या जिवावर उठणारे दुसरे घटकवक २०१३ साली नेदरलँड्समध्ये ओळखले गेले. त्याने तेथील पिवळ्या-काळ्या सॅलॅमँडरची संख्या काही वर्षांत नव्वद टक्क्यांहून अधिक घटविली. तेही आशियातून पाळीव प्राण्यांच्या व्यापाराबरोबर गेलेले. हे समजल्यावर अमेरिकेने २०१६ साली सॅलॅमँडरच्या २०१ जातींच्या आयातीवर बंदी घातली. आपल्या दार्जिलिंगच्या डोंगरांतही सॅलॅमँडर आहेत. दुसरी काळजी आपलीच आहे. पठारावरील डबकी बुजविणे, ओढे सिमेंटने बांधून काढणे, पावसाळ्यात घाटरस्त्यांवर वाहनांखाली होणारी चिरडाचिरड, फवारणीचे पाणी खाचरात उतरणे यांनी आधीच खचलेल्या प्राण्याला किरकोळ रोगही पुरेसा होतो. २०२३ च्या जागतिक पाहणीनुसार उभयचरांच्या सुमारे ४१ टक्के जाती संकटग्रस्त आहेत. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत हे प्रमाण सर्वाधिक आहे.

गावपातळीवर काय करता येईल

हा रोग माणसाला होत नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. नाही तर साथीच्या भीतीने लोक बेडूकच मारू लागावयाचे.

पाण्याबरोबर जीव हलविणे टाळणे, ही यातील मुख्य गोष्ट. शिक्षक मुलांना भैकेराचे रूपांतर दाखवितात. ते अवश्य दाखवावे, पण ज्या डबक्यातून भैकेर आणले त्याच डबक्यात ते परत सोडावे, आणि बरणीतील उरलेले पाणी ओढ्यात न ओतता उन्हात कोरड्या जमिनीवर टाकावे. सहलीहून सहलीला जाणारी मंडळी एका घाटातील चिखल दुसऱ्या घाटात नेतात. बूट व जाळी घासून, धुऊन पूर्ण वाळविली तर हे कवक जगत नाही. गावतळ्यात मत्स्यबीज सोडताना पिशवीत भैकेर किंवा बेडूक आले आहेत काय, हे पाहून घेण्यास एक मिनिटही लागत नाही. डासांच्या नियंत्रणासाठी गंबुसिया मासे सोडण्याची मोहीम असते. हे मासे डासांच्या अळ्यांबरोबर भैकेरेही खातात. बंदिस्त टाक्यांत व हौदांत ते ठीक आहेत, परंतु डोंगरातील झरे आणि कातळावरील डबकी यांत ते सोडू नयेत, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. शहरातून आलेल्या कोणी कंटाळून परदेशी बेडूक किंवा कासव गावच्या तळ्यात सोडले, तर ते पुण्यकर्म समजू नये.

एकाच जागी अनेक बेडूक मेलेले आढळले तर ते रोगाने मेले की फवारणीच्या औषधाने, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. जागा, तारीख आणि अंदाजे संख्या लिहून ठेवावी, छायाचित्र घ्यावे, उघड्या हाताने उचलू नये आणि वनविभागाच्या जवळच्या कार्यालयास कळवावे. तपासणीसाठी बेडूक मारावा लागत नाही. पोटावरून व पायांवरून कापसाचा बोळा फिरविला की प्रयोगशाळेला तेवढे पुरते.

२००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समित्या स्थापन झाल्या असून लोक जैवविविधता नोंदवह्या तयार करावयाच्या आहेत. अशा काही नोंदवह्या प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आल्या. झाडांची नावे पानेच्या पाने भरलेली असतात, पक्ष्यांची यादीही बरी असते, आणि उभयचरांच्या रकान्यात एकच शब्द असतो : बेडूक. एल कोपेत काय हरपले हे जगाला कळले, कारण रोग येण्यापूर्वीचे आकडे वहीत होते. माँतेव्हेर्देचे दीड हजार कोणी मोजले नसते, तर पुढच्या वर्षीच्या एका नराला काही अर्थच उरला नसता.

यासाठी तज्ज्ञ येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. शाळेजवळचा एक ओढा, एक गावतळे आणि एक भातखाचर निवडावे. मृग लागल्यापासून आश्विनापर्यंत पंधरा दिवसांतून एकदा, दिवेलागणीनंतर अर्धा तास तेथे उभे राहून किती प्रकारचे आवाज ऐकू आले आणि कोणता प्रथम कधी ऐकू आला, हे तारखेनिशी लिहावे. पाऊस किती झाला तेही शेजारी लिहावे. गावातील वडीलधाऱ्यांना बेडकांची जी स्थानिक नावे ठाऊक असतील ती त्यांच्याच उच्चारात टिपावीत, कारण एकेका नावामागे बहुधा एकेक जात असते. दूरध्वनीवर आवाज मुद्रित करून ठेवला तर पुढे एखादा अभ्यासक त्यावरून जात ओळखू शकतो. दरवर्षी जागा तीच आणि वेळ तीच असावी. शिक्षकांची बदली झाली तर वही शाळेतच राहावी.